फैलकाच्या लांचीवरचं पाचवं पाणी

माझं लग्न कसं जमलं असं नातवंडं विचारतात, तेव्हा मी "अल्लाच्या मर्जीनं" एवढंच सांगतो आणि उठून जातो. मग माझी बायको पदर खोचून सरसावते आणि कुत्र्यापासून सुरुवात करते. पन्नासावर वर्षं ती ही गोष्ट चुकीची सांगतेय. ती त्या लांचीवर नव्हतीच! मी होतो, तिचा बाप होता आणि कुत्रा होता. पैकी लिहिणारा मी एकटाच उरलोय, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी कुवेत सिटीत एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट होतो. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. गावाला मधे खाडी, अलीकडे आमचा गाव, पलीकडे तिचा. कुवेतला निघायच्या आधी एकदा खाडी उतरायला तरीत, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या होडीत, बसलो होतो. ही चढली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "सरका की जरा, तर काय तुमच्या मामूची हाय?" झालं! त्या दिवसापासून मला दुसरी कोण पसंतच पडेना. आईनं पाच ठिकाणं सुचवली, पाचही मी मोडली.

शेवटी मी हिचं नाव घेतलं, तेव्हा आईनं माझ्या मामूला गळ घातली. मुलीचा बाप तेव्हा कुवेतमधेच होता. फैलका बेटावर जाणारी लाकडी लांच असायची, तिचं इंजिन तो चालवायचा. कित्येक वर्षांत घरी गेला नव्हता, त्यामुळं मला त्यानं पाहिलेलं नव्हतं. मामूनं मला पत्र धाडलं, आत दुसरं पत्र, मुलीच्या बापाला द्यायचं. मला लिहिलं होतं: गुरुवारी दुपारच्या लांचीनं जा. मी त्यांना कळवलंय की मुलगा टाय लावून येईल, त्यावरून ओळखा. आपण होऊन पत्र हातात दे, कारण मुलीचा बाप कधी विषय काढत नाही, आपल्यात तशी रीत नाही. आणि माणूस कडक आहे, तोंड सांभाळ.

मी टाय विकत घेतला. निळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. आमच्या खोलीतल्या सहाही जणांनी तो एकेकदा गळ्यात घालून आरशात बघून घेतला.

आता कुत्रा. आमचा साहेब इंग्रज. सुट्टीला तो मडमेसकट फैलकाला जाऊन तंबू ठोकायचा. स्वतःच्या छोट्या मोटरबोटीतून जायचा, पण कुत्रा त्या बोटीत ओकायचा, म्हणून कुत्र्याला मागनं लांचीतनं न्यायचं काम साहेबाच्या ड्रायव्हरकडं. त्या गुरुवारी ड्रायव्हर तापानं पडला. मी शहाणा आदल्या दिवशी साहेबाला सांगून बसलेलो की मला फैलकाला जायचंय, जरा लवकर सोडा. स्वतःच्या जिभेनं स्वतःचा घात. साहेब म्हणाला, वा, मग कुत्रा तूच आण.

मी "येस सर" म्हटलं. त्या काळात आम्ही दुसरं काय म्हणायचो?

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगतो. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात कोरडा कुत्रा कोरड्या कपड्याला लागला तर काही नाही. पण तो ओला असेल, किंवा त्यानं जीभ लावली, तर ती जागा सात वेळा पाण्यानं धुवायची, आणि त्यातलं एक पाणी मातीचं. त्याशिवाय त्या कपड्यावर नमाज नाही. लहानपणी एका कुत्र्यानं माझा पाय चाटला, तर बापानं अंगणातल्या मातीनं तो असा घासला होता की दोन दिवस मी लंगडत होतो. तेव्हा कुत्रा न्यायला हरकत नव्हती, कुत्रा कोरडा ठेवला म्हणजे झालं. आणि न्यायचा कुठून, तर दर्यातून! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझ्या लग्नाला एकच होतं, पण चांगलं वासराएवढं.

खरोखर वासराएवढा होता तो. करड्या रंगाचा, अंगभर लोकर, डोळ्यांवर झिपऱ्या. एवढी लोकर किती पाणी पिईल, याचा मी मनात हिशेब मांडला. धक्क्यावर पोचेपर्यंत त्यानं गळ्याचा पट्टा चावून तोडला. धरायला काहीच उरलं नाही. समोर लांच सुटायच्या बेतात, लांचीचा कप्तान, नाखुदा, ओरडतोय. मी गळ्यातला टाय सोडला आणि कुत्र्याला बांधला.

लांचीवर चढताना कुत्र्यानं फळीवर बसकण मारली. मी मागून ढकलत शुद्ध मराठीत त्याचा उद्धार करत होतो, तेवढ्यात इंजिनाच्या भोकातून एक डोकं वर आलं. पांढरी दाढी, डोक्याला फडकं, हातभर काळं तेल.

"कुत्रा कोणाचा हाय?"

मी ढकलतच राहिलो.

"आमच्यातला कोण असता तर कुत्र्याच्या आधी त्यालाच दर्यात टाकला असता. मराठी बोलतोस. कुठचा तू?"

हाच तिचा बाप, हे कळायला ज्योतिषी नको होता. नाक तेच, आवाजातला चाबूकही तोच. पत्र माझ्या खिशात, पत्र काढायचं आणि म्हणायचं, चाचा, मीच तो. पण माझ्या तोंडून निघालं, "पुण्याचा."

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक हिंदू पुणेकर बसायचा, त्याचंच आडनाव मी ठोकून दिलं. चाचा म्हणाले, "पुण्याचा काय? मग चालायचंच. पुण्याची माणसं कशीपण असतात." आणि आत गेले.

मी मनात म्हटलं, फैलकाला कुत्रा मडमेच्या ताब्यात देतो, हात धुतो, टाय गळ्यात घालतो आणि परतीच्या लांचीत नवा माणूस होऊन बसतो. आज लिहिताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा मात्र हा बेत मला अगदी बिनचूक वाटला होता.

लांच सुटली. मी कुत्र्याला मधोमध, बटाट्याच्या पोत्यांना टेकवून बसवला. ती पोती बेटावरच्या दुकानदाराची. वरून ताडपत्री पांघरली, आणि लाटेचा तुषार आला की मी हात पसरून आडवा व्हायचो. अर्ध्या तासात मी गुडघ्यापर्यंत भिजलो, कुत्रा ठणठणीत कोरडा! मी त्याच्या अंगाला अंग लागू देत नव्हतो, आणि त्याला तर माझ्या मांडीवरच यायचं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

चाचा हवा खायला वर आले. बघत राहिले.

"पुणेकर, कुत्रा विरघळतो काय पाण्यात?"

"सर्दी होते त्याला," मी म्हटलं.

"आणि तुला?"

मी ताडपत्री सारखी केली. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. पलीकडच्या बाकावर एक माणूस बसला होता. इस्त्रीची पँट, तेल लावून बसवलेला भांग, मांडीवर खोका, आणि गळ्यात टाय. चाचा त्याच्याकडं टक लावून बघत होते. टाय! मामूनं टायची खूण कळवलेली. माझा टाय कुत्र्याच्या गळ्यात, आणि हा कोण कुठला त्याचा टाय घालून माझ्या जागेवर जावई होऊन बसलेला!

चाचांनी त्याला चहा पाठवला. मग खजूर. मग स्वतःची गादी त्याच्या बुडाखाली दिली. तो प्रत्येक वेळी छातीला हात लावून मान लववायचा आणि परत खोका कवटाळून बसायचा. चाचा बिचारे वाट बघतायत, आता पत्र काढील, मग काढील. स्वतः विषय काढता येत नाही. खाली जायचे, इंजिनात तेल घालायचे, परत वर यायचे. शेवटी राहवेना, माझ्याजवळ येऊन कुत्र्यापासून चार हात लांब उकिडवे बसले.

"पुणेकर, तू शिकलेला दिसतोस. एक काम करशील? तो टायवाला हाय ना, तो माज्या पोरीला सांगून आलाय. जरा इंग्लिशमधे बोल त्याच्याशी. कसा हाय, काय हाय, बघून सांग."

आता बोला! माझ्या नवऱ्यापणाची चौकशी करायला मलाच धाडतायत. मी कुत्र्याची टायची दोरी खुंटीला अडकवली आणि गेलो.

टायवाला निघाला मलबारी कंपाउंडर. बेटावरच्या दवाखान्यात बदली झालेली, खोक्यात इंजेक्शनच्या काचेच्या नळ्या. घरी बायको आणि चार मुलं. त्याला माझं काही ऐकायचं नव्हतं. त्याचं म्हणणं एकच, तो म्हातारा आपल्याला सारखा खाऊ का घालतोय, आधीच पोटात ढवळतंय.

मी परत आलो. चाचा वाटच बघत होते. मी काय करणार? त्याची निंदा केली तर ती माझीच निंदा. म्हणून सांगितलं, "फार हुशार आहे. नम्र आहे. इंग्रजी असं फाडफाड की विचारू नका. टायपिंगचा हात तर..."

"टायपिंग? लांचीत कुठं टायपिंग केलान?"

"बोटांवरून कळतं," मी म्हटलं.

चाचा खूश झाले. "मग बोलत का नाय?"

"लाजतो."

"चांगला हाय," चाचा म्हणाले, "लाजणारा बरा. आमची पोर बोलायला काय कमी नाय." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. माझं लग्न माझ्या पाठीमागं जवळजवळ जमलं होतं.

आणि नेमका तेव्हाच तो टायवाला उठला, कठड्यावर ओणवा झाला आणि चहा, खजूर, सगळं दर्याला देऊन टाकलं. देतच राहिला. चाचांचा चेहरा बघवेना.

"खलाश्याचा जावई," ते हळूच म्हणाले, "एवढ्याशा लाटेला ओकतो. मी पोरीला काय लिहू? सातवी पिढी आमची दर्यावर." मग उठत म्हणाले, "नाय जमायचा हा. मामूला त्याच्या आजच पत्र लिहितो, नाय म्हणून."

आता बोललो नाही तर संपलं, आणि बोललो तर खोटारडा ठरलो. तरी मी खिशात हात घातला. शपथेवर सांगतो, मी सांगणारच होतो. पत्र अर्धं बाहेर आलं होतं, "चाचा" एवढं तोंडातून गेलंही होतं. माझी बायको हे मानत नाही. तिनं नको मानू दे.

पण त्या क्षणी उत्तरेकडून एक लाट आली. मोठी नव्हती, पण तिनं लांचीवर चढून नेमकी ताडपत्री उचलली आणि कुत्र्याला नखशिखांत न्हाऊ घातलं. कुत्रा उठला. टाय सुटला. कुत्रा थेट आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला, आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलंन. त्या लोकरीत मावलेला दर्या सगळा आमच्या अंगावर आला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. लहानपणी लागलेलं वळण, डोक्याला विचारतच नाही. मी बालदी दर्यात टाकली, ओढून काढली, आणि ओरडलो, "माती! माती कुठं आहे?" चाचाही ओरडत होते, "माती! अरे माती आणा!" दर्याच्या मधोमध माती कोण आणणार? दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं. दोघंही बटाट्यांच्या पोत्यावर पडलो. वरची पोती भिजलेली, म्हणून खालचं कोरडं पोतं उसवलं आणि नखांनी बटाट्यांवरची माती खरवडून डबड्यात जमवायला लागलो. नाखुदा सुकाणूवर पोट धरून हसत होता. तो कुवेती, मालिकी पंथाचा, त्यांच्यात कुत्र्याचा असा विटाळ मानत नाहीत. त्याला वाटलं असेल, हिंदी लोकांना वेड लागलं, बटाट्याचं कातडं सोलतायत. मातीवाला एक बटाटा माझ्या हातात आला, त्याचवेळी चाचांनीही तोच धरला.

दोघंही थांबलो.

"पुणेकर," चाचा म्हणाले, "तुला माती कशाला?"

बटाटा दोघांच्या हातात. दर्यानं बुडवलं असतं तर फार उपकार झाले असते.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, वेळ होत आली होती आणि त्यांना नमाज पढायची होती. त्यांनी बाह्या वर केल्या, हात पुढं धरले. "ओत," म्हणाले. "ओत आणि बोल."

मी मातीचं पहिलं पाणी ओतलं आणि म्हटलं, मी पुण्याचा नाही. दुसरं ओतताना गावाचं नाव सांगितलं. मग कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, तेही सांगितलं. टाय दाखवला, तो कुत्र्याच्या पायात लोळत होता. ते हातावर हात चोळत होते, वर बघतही नव्हते. डबडं आपोआप भरत होतं. मी म्हटलं, "चाचा, घाबरलो म्हणून खोटं बोललो. मुलगी मला पसंत आहे. तरीत भांडली होती माझ्याशी." यावर ते क्षणभर थांबले, आणि परत चोळायला लागले.

मग म्हणाले, "तुज्या बडबडीत माजी गणती चुकली. हा पाचवां पाणी झाला का सहावां?"

मी म्हटलं, "पाचवं."

"नक्की?"

"नक्की, चाचा. दोन राहिली."

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग हात पुढं केले. मी सहावं ओतलं, सातवं ओतलं. त्यांनी आपला सदराही तसाच सात वेळा धुऊन काढला, मी माझी पँट. नाखुदानं इंजिनाकडं बघायला खलाशी धाडला, कारण इंजिन खोकत होतं आणि चाचा धुण्यात.

नमाज झाल्यावर चाचा म्हणाले, "पत्र दे."

मी पुढं केलं. त्यांनी हात मागं घेतला. पत्र ओलं होतं, आणि कुणी ओलं केलं ते आम्हाला दोघांनाही माहीत. कागद काय सात वेळा धुणार? "वाच," म्हणाले, "तुजाच हात लागू दे."

मी वाचलं. शाई फुटली होती, पण मामूचं अक्षर मोठं. मुलगा निर्व्यसनी आहे. मोठ्यांचा मान ठेवतो. मुलगा कधी खोटं बोलत नाही.

"काय म्हणालास? इंजिनाच्या आवाजात ऐकू नाय आला."

"मुलगा कधी खोटं बोलत नाही."

"मोठ्यानं वाच. नाखुदाला पण ऐकव."

मी मोठ्यानं वाचलं. नाखुदाला मराठी येत नव्हती, तरी त्यानं मान डोलावली. कंपाउंडरनंही कठड्यावरून मान वर करून डोलावली, बहुधा सवयीनं.

फैलका आलं. चाचांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी धक्क्यावर मडमेला कुत्रा दिला. तिनं त्याच्या ओल्या लोकरीत तोंड खुपसून पापा घेतला, तेव्हा चाचांनी डोळे मिटून घेतले. टाय मी तिथंच टाकून दिला. परतीच्या लांचीत त्यांनी मला इंजिनाजवळ बसवलं, चहा दिला, आणि कुवेत येईपर्यंत ऑफिस, खोली, जेवण, पाऊसपाणी, सगळ्यावर बोलले. लग्नावर अक्षर नाही. उतरताना म्हणाले, "बरा जा, पुणेकर." मी खोलीत येऊन तोंड भिंतीकडं करून झोपलो. वाटलं, संपलं. रडू आलं, हे लपवत नाही.

दीड-दोन महिन्यांनी आईचं पत्र आलं, पलीकडून होकार आहे. मी ते चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा खोलीतल्यांना वाचायला दिलं.

होकार का आला, हे मला लग्नानंतर कळलं. बायकोनं आपल्या पेटीतून बापाचं पत्र काढलं. ते तिच्याकडं अजून आहे, घडीवर फाटलंय. बाप तिच्या आईला लिहितो: पोरगा बघितला. दोन तास खोटं बोलला. खोटं बोलतो ते तोंडावर सरळ दिसतं, म्हणजे सवय नाही. मी गणती चुकल्याचं सोंग केलं आणि विचारलं, पाचवं की सहावं. मला ठाऊक होतं पाचवं. सहावं म्हणाला असता तर तो लवकर सुटला असता, आणि त्याला मी कायमचा सोडला असता. पाचवं म्हणाला. हिशेबात माझी नमाज होती, ती त्यानं बिघडवली नाही. दर्या लागत नाही, लाटेला ओकत नाही. पोरीला विचारा, तिला चालत असेल तर माझी ना नाही.

मी बायकोला म्हटलं, "आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, खोटं बोलतो ते मी बघून घेईन. मोजता येतं ना, बस."

सासरे जाईपर्यंत मला पुणेकरच म्हणायचे. गावातही तेच पडलं. आमच्या नातवंडांपैकी धाकटा तर शाळेत सांगून आला होता की आजोबा मूळचे पुण्याचे. आणि अजून आठवड्यातनं एकदा तरी असं होतं, डॉक्टरनं बंद केलेली बिस्किटं मी खातो, बायको डबा हलवून बघते, मी म्हणतो मी नाही. ती काही वाद घालत नाही. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारते, "पाचवं की सहावं?"

आणि मी खाल्ली असतील तेवढी सांगतो.